जामिनाचा नारळ

आमच्या गावची माणसं एकमेकांना नाही म्हणत नाहीत. मला हे अजिबात आवडत नाही. लग्नाला चला म्हटलं की निघतात, बारशाला भांडी द्या म्हटलं की देतात आणि जामीन राहा म्हटलं की पेन शोधायला लागतात. बाहेरच्यांना यात माणुसकी दिसते. मला यात भित्रेपणा दिसतो, आणि मी याच लोकांत जन्मले असल्यामुळे तसं म्हणायचा मला अधिकार आहे.

डिलाईल रोडला आमची चाळ. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, संडास गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला. शेजारच्या चाळीत तळमजल्यावर गावाची खोली आहे. गिरणीत लागलेली, बायकामुलं गावी ठेवून आलेली माणसं एकेकाळी तिथे पथाऱ्या टाकून राहायची. आता तिथे ग्रामदेवतेचा मोठा फोटो, प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत आणि प्लायवूडच्या पडद्यामागे आमच्या ग्रामस्थ मंडळाची पतपेढी आहे. पतपेढीचा मॅनेजर गावचाच. शर्टाच्या खिशात दोन पेनं, बोलताना डोळे मिटून घ्यायची सवय. शाळेत माझ्यासमोर एखादा मुलगा असा डोळे मिटून बोलला तर मी त्याला बाकावर उभा करीन.

कर्जाला दोन जामीनदार लागतात, ते सगळीकडेच लागतात. आमच्याकडे त्याच्या आधी एक नारळ लागतो. जामीनदाराने सही करण्यापूर्वी देवाच्या फोटोपुढे नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे काय करतोय ते देवाला मोठ्या आवाजात सांगायचं. एकाने सांगायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. पतपेढीच्या नियमांत या नारळाचा उल्लेख नाही, पण नारळ ठेवल्याशिवाय मॅनेजर फॉर्म पुढे सरकवत नाही. गाऱ्हाणं घालायचा मान माझ्या बाबांचा. बाबा गोदीतून निवृत्त झालेले. तिथे क्रेनच्या आवाजावर ओरडून ओरडून त्यांचा गळा असा तयार झालाय की खोलीत ते कुजबुजले तरी गॅलरीत कळतं.

गावच्या आमच्या वाडीतले दोन भाऊ मुंबईत असतात, एक थोरला आणि एक धाकटा. धाकट्याने लालबागला मासळीची खानावळ काढायचं ठरवलं. पाटीवर रंगवायचा पापलेटसुद्धा त्याने निवडून ठेवला होता. पापलेट होता, पैसे नव्हते. तो आमच्याकडे आला, आईच्या पाया पडला आणि बाबांना, ज्यांना सगळा गाव भाऊ म्हणतो, म्हणाला, “भाऊ, तुमी जामीन ऱ्हवलात तर दुसरो आपोआप मिळतलो.” बाबा पेन शोधायला लागले.

आईने स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्या उभ्या सांगितलं, “थोरल्याची सय आधी घेवा. सख्खो भाव आसा, तो जामीन ऱ्हवना नाय तर आपण कित्याक ऱ्हवचा?” आई जास्त बोलत नाही. त्या वर्षी तर तिच्या गुडघ्यांनी तिला इतकं छळलं होतं की बोलायची ताकदही ती राखून वापरायची. बाबांना तिचं म्हणणं पटलं. धाकटा म्हणाला, थोरला गावी गेलाय, आला की लगेच सही करील, तोवर तुमची होऊ दे.

आणि बाबांनी आमच्या माणसांनाच शोभेल अशी गोष्ट केली. आईची अट त्यांनी कागदावर लिहिली नाही, देवाला सांगितली. रविवार होता, मंडळाची सभा होती, खोली भरलेली होती. बायका दाराबाहेर गॅलरीत, त्यात आई आणि मी. बाबांनी नारळ ठेवला आणि गाऱ्हाण्यात खणखणीत आवाजात सांगितलं की थोरला भाऊ सोबत जामीन राहील तरच माझी सही धरायची, तो राहिला नाही तर माझी सही सही नव्हे. सगळी खोली म्हणाली, “व्हय म्हाराजा!” मॅनेजर देवाच्या उजव्या हाताला उभा होता. तोही म्हणाला, डोळे मिटून. मग बाबांनी प्लायवूडमागे जाऊन फॉर्मवर सही केली. दुसऱ्या जामीनदाराची जागा तेव्हा कोरी होती.

मी त्या संध्याकाळी बाबांना विचारलं, “अट कागदावर का नाही घातली?”

“देवासमोर बोललंय ता काय कागदापेक्षा कमी?” ते म्हणाले.

खानावळ जेमतेम वर्षभर चालली. मग एक दिवस शटर खाली आलं, धाकट्याचा फोन लागेनासा झाला आणि कोणी म्हणालं तो गोव्याला आहे, कोणी म्हणालं सासुरवाडीला. त्यानंतर थोड्या दिवसांनी आमच्याकडे पतपेढीची नोटीस आली. बाबांनी आयुष्यभराचे निवृत्तीचे पैसे त्याच पतपेढीत ठेव म्हणून ठेवले होते, गावाची म्हणून, व्याज कमी असूनही. ती ठेव आता अडवून ठेवली होती. धाकट्याचं कर्ज फिटेपर्यंत त्यातला एक रुपया मिळणार नव्हता.

त्या ठेवीतून आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं. डॉक्टर ठरले होते, तारीख मिळाली होती, आईने दोन नवे गाऊन शिवून घेतले होते. मी शीवच्या एका शाळेत भूगोल शिकवते, खाजगी शाळा आहे, पगारात घर चालतं, ऑपरेशन होत नाही. हॉस्पिटलला फोन करून मी तारीख रद्द केली. आई गॅलरीतून संडासाकडे चालली होती, एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातात डबा. परत यायला तिला इतका वेळ लागला की चहा थंड झाला. मला तेव्हा धाकट्याचा राग आला नाही. लबाड माणूस लबाडी करतो, त्यात नवल काय? मला त्या ‘व्हय म्हाराजा’चा राग आला.

दुसऱ्या दिवशी मी पतपेढीत गेले. फॉर्म दाखवा म्हटलं. मॅनेजर म्हणाला, “तुमचा काय संबंध? जामीनदाराला पाठवा.” मी म्हटलं, जामीनदार रडून रडून आजारी पडलाय. ते खोटं होतं, बाबा खाली पेपर वाचत बसले होते, पण मला त्याच्या तोंडावर काहीतरी फेकायचं होतं. शेवटी त्याने फॉर्म दाखवला, हातात न देता, लांबून. दुसऱ्या जामीनदाराच्या जागी सही होती. धाकट्याच्या बायकोची.

“थोरल्याची सही कुठे आहे?”

“दोन जामीनदार हवे होते, दोन आहेत. नियम पूर्ण.”

“बाबांची अट होती. तुमच्यासमोर घातलेली.”

त्याने डोळे मिटले. “कागदावर अट कुठाय, ताई? दाखवा ना. मी कागद बघून काम करतो.”

“तुम्ही व्हय म्हाराजा म्हणालात.”

“ते देवाला म्हणालो.”

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी खुर्ची मागे ढकलली आणि ती चळतीवर आपटली. खुर्च्या पडल्या. त्या मी उचलल्या नाहीत.

दादरला एका वकीलबाईंचं ऑफिस होतं, साड्यांच्या दुकानावर, लाकडी जिन्याने वर. त्यांच्याकडे जायला मला एका सहशिक्षिकेने सांगितलं. बाई गोड बोलत नव्हत्या, तेवढंच मला बरं वाटलं. मी पंधरा मिनिटं गावाला शिव्या दिल्या. त्या डब्यातली पोळी-भाजी खात ऐकत राहिल्या. मग त्यांनी हात पुसले आणि मला जामीनकीचा कायदा सांगितला. तो ऐकताना माझा संताप आणखीच वाढला.

मी म्हटलं, बाबांना या व्यवहारात एक पैसा मिळाला नाही, मग ते बांधले कसे जातात? बाई म्हणाल्या, जामीनदाराला काही मिळावं लागत नाही. कर्जदाराला मिळालं की पुरे, कायद्याच्या दृष्टीने तोच मोबदला. मी म्हटलं, मग आधी धाकट्याला पकडा, त्याचं सामान विका, त्याच्या बायकोचे दागिने काढा, नंतर आमच्याकडे या. त्या म्हणाल्या, तशी सक्ती नाही. जितकं देणं कर्जदाराचं तितकंच जामीनदाराचं, आणि ज्याच्याकडे पैसे दिसतात त्याच्याकडे ते आधी जाऊ शकतात. मी म्हटलं, हा कायदा केला कोणी? त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

“आता तुमच्या कामाचं ऐका,” त्या म्हणाल्या. “जामीनकी तोंडीसुद्धा चालते आपल्याकडे. कागद लागतोच असं नाही. आणि अमुक एक माणूस सोबत जामीन राहील तरच मी जामीन, असं ठरलं असेल आणि तो माणूस आलाच नाही, तर जामीनकी उभीच राहत नाही. दुसरा कोणीतरी उभा केला तर चालत नाही, ठरलेलाच माणूस लागतो.”

“पण अट कागदावर नाही.”

“लेखी करार असला की त्याच्याविरुद्ध तोंडी पुरावा सहसा घेत नाहीत. याला अपवाद आहे. करार लागू होण्याच्या आधीची अट, म्हणजे हे झालं तरच सही लागू, असं तोंडी ठरलेलं असेल तर ते सिद्ध करता येतं. कोणासमोर ठरलं होतं?”

मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असेन. म्हटलं, “अख्ख्या गावासमोर. आणि पतपेढीच्या मॅनेजरसमोर. सगळे हो म्हणाले.”

“मग अडचण काय? सहकार खात्याकडे दाद मागू. घरातलं माणूस सोडून दोघं-तिघं साक्षीला आणा,” त्या म्हणाल्या.

त्यांना आमचं गाव माहीत नव्हतं.

मी पुढचे रविवार त्यात घातले. कॉटन ग्रीनला एक काका राहतात, गाऱ्हाण्यात त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा. मला बघून त्यांनी सरबत केलं. विषय काढल्यावर म्हणाले, “बाय, गाऱ्हाणा देवाक घालतत, पतपेढीक नाय. ता असा कोर्टात नेव नये.” मी म्हटलं, कोर्टात नाही, सहकार खात्याच्या साहेबासमोर सांगायचंय, तुम्ही ऐकलं एवढंच. ते म्हणाले, त्या दिवशी आपला कान दुखत होता. लालबागच्या एकाने सांगितलं की आपण व्हय म्हाराजा म्हणतो पण काय चाललंय ते ऐकत नाही. हा त्यातल्या त्यात प्रामाणिक म्हणायचा. एकाची ठेव पतपेढीत होती, एकाच्या मुलाचं कर्ज मंजूर व्हायचं होतं, एकाला वाटलं पतपेढी बुडाली तर गावाचं नाव जाईल. माझी आई संडासापर्यंत चालू शकत नाही याने गावाचं नाव जात नव्हतं. एका काकूने तर दारातच मला सुनावलं, “आपला घर सांभाळूक जमला नाय आणि गावाच्या उचापती!” माझं लग्न मोडलं त्याला काही वर्षं झाली होती. आमच्या लोकांना अट आठवत नाही, हे मात्र बरोबर आठवतं.

सगळे कानावर हात ठेवून बसले. मी घरी येऊन एकेकाची नक्कल करून दाखवायचे. आई हसायची. बाबा उठून गॅलरीत जायचे.

शेवटी मी थोरल्याकडे गेले. मला सगळ्यांत जास्त चीड त्याची होती. त्याने सही केली असती तर ओझं वाटलं गेलं असतं, आणि करायची नव्हती तर बाबांना येऊन सांगायला काय झालं होतं? तो परळला एका इमारतीत वॉचमन आहे, तिथेच जिन्याखाली त्याची खोली. मी उभ्या उभ्या बोलले. तोंडाला येईल ते बोलले.

“तुम्हाला विचारलं होतं की नाही सहीबद्दल?”

“इचारला होता.”

“कोणी?”

“मॅनेजरान. धाकटो पण इलो होतो. मी नाय म्हटलंय.”

“का?”

“आधी एकदा ऱ्हवलेलंय. घरवालीचा मंगळसूत्र गेला.” मी म्हटलं, हेच साहेबासमोर सांगा, मॅनेजरला तुम्ही नाही म्हणून सांगितलं होतं, आणि तरी त्याने कर्ज दिलं. तो म्हणाला, “भावाच्या विरोधात मी कसो उभो ऱ्हवतलंय?”

“भावाच्या विरोधात नाही. खऱ्याच्या बाजूने.”

“ता एकच झाला,” तो म्हणाला आणि गेटवर हॉर्न वाजला म्हणून निघून गेला. मी त्याला पाठीमागून काय म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही.

सुनावणीची तारीख जवळ येत होती आणि माझ्याकडे एकही साक्षीदार नव्हता. त्याच सुमाराला मंडळाची वार्षिक पूजा आली. आणि या लोकांची हिंमत बघा, त्यांनी बाबांनाच गाऱ्हाण्याला बोलावलं. दुसऱ्या कोणाला ते पाठ नव्हतं. मॅनेजर स्वतः वर आला, आमच्या दारात उभा राहून म्हणाला, “भाऊ, व्यवहार व्यवहाराच्या जागी, देव देवाच्या जागी.” मी त्याला पाणीही विचारलं नाही. बाबा म्हणाले, येतो. मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही.

पूजेच्या सकाळी आई म्हणाली, मी पण येतेय. तीन मजले. मी नको म्हणून आरडाओरडा केला. ती एकेक पायरी बसून उतरली, अक्षरशः बसून, लहान मूल उतरतं तशी. खाली पोचेपर्यंत तिचा नवा गाऊन मागून मळला होता. ती गावाच्या खोलीच्या दाराशी खुर्चीवर बसली, बायकांच्या पुढे. सगळे आत होते. मॅनेजर देवाच्या उजव्या हाताला. थोरला मागच्या भिंतीला टेकून, वॉचमनच्या खाकी शर्टातच.

बाबांनी नेहमीसारखी सुरुवात केली. “बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां हंय जमली आसत.”

“व्हय म्हाराजा!”

“तेंच्या पोराबाळांक सुखी ठेव.”

“व्हय म्हाराजा!”

“कोणाची वाकडी नजर असात ती दूर कर.”

“व्हय म्हाराजा!” खोली दणाणली. पोरं फोनवर शूटिंग करत होती. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते आणि मला या आवाजाची शिसारी येत होती.

मग बाबा थांबले. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. “म्हाराजा, हंयच तुझ्यासमोर मी जामिनाचो नारळ ठेवलेलंय.”

“व्हय म्हाराजा!” सवयीने आवाज आला, पण आधीपेक्षा कमी.

“थोरल्याची सय झाली तरच माझी सय धरूची, असा मी तुका सांगलेलंय.”

दोन-तीन आवाज. मॅनेजरने डोळे उघडले.

“ह्या सगळ्यांनी ता ऐकलेला.”

कोणी काही बोललं नाही. माझ्या आयुष्यात त्या खोलीत गाऱ्हाण्याच्या मध्ये अशी शांतता मी ऐकली नव्हती. पंखा चालल्याचं कळत होतं. कॉटन ग्रीनचे काका पायांकडे बघत होते. बाबा हात जोडून उभे, उत्तराची वाट बघत. उत्तर आल्याशिवाय पुढचं वाक्य म्हणायचं नसतं. मला वाटलं आत जाऊन त्यांना ओढून बाहेर आणावं.

“व्हय म्हाराजा,” आई म्हणाली.

बायका गाऱ्हाण्यात उत्तर देत नाहीत. आईने दिलं, खुर्चीवर बसूनच, भाजीवाल्याला भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात. खोलीतली सगळी डोकी दाराकडे वळली. बाबांनी उरलेलं गाऱ्हाणं भराभर संपवलं आणि नारळ फोडायला दुसऱ्याच्या हातात दिला. थोरला तेवढ्यात बाजूच्या दाराने निघून गेला होता. मी मनात म्हटलं, पळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघत होते तेव्हा तो गॅलरीत उभा होता. रात्रपाळी करून आलेला, दाढी वाढलेली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड. माझ्याकडे न बघता म्हणाला, “खंय सय करूची ती सांग.”

मी शाळेत फोन करून रजा घेतली. दादरला वकीलबाईंनी प्रतिज्ञापत्र तयार केलं. थोरल्याने लगेच पेन मागितलं. आमची माणसं! मी त्याच्या हातातून कागद काढून घेतला आणि म्हटलं, “आधी ऐका.” चष्मा त्याने आणला नव्हता. मी शाळेत धडा वाचते तसं एकेक वाक्य वाचलं. मला सोबतचा जामीनदार म्हणून विचारलं होतं. “व्हय.” मी नकार दिला होता. “व्हय.” तो नकार मी कर्ज वाटण्यापूर्वी मॅनेजरना समक्ष सांगितला होता. “व्हय.” बाबांची सही माझ्या सहीच्या अटीवर आहे हे मॅनेजर तेव्हा माझ्याशी बोलले होते. इथे तो थांबला, विचार केला आणि म्हणाला, “व्हय. तेणांच सांगला, तू सय कर नायतर भाऊंची पण धरता येवची नाय.” वकीलबाईंनी मान वर केली आणि ते वाक्य त्याच्याच शब्दांत घालून घेतलं. मग त्याने सही केली. मी त्याचे आभार मानले नाहीत. इतके महिने आई कठडा धरून चालत होती.

सुनावणीत मॅनेजरने आधी अट नाकारली, मग म्हणाला चर्चा झाली असेल, मग म्हणाला देवाधर्माच्या गोष्टी व्यवहारात आणू नयेत. साहेबांनी त्याला विचारलं की नारळ ठेवल्याशिवाय फॉर्म कोण पुढे सरकवत नाही. तो डोळे मिटून बसला. काही महिन्यांनी निकाल आला की ठरलेला जामीनदार सोबत आला नाही म्हणून बाबांची जामीनकी झालीच नाही, त्यांच्याकडून वसुली करता येणार नाही. पतपेढी पुढे अपिलात गेली नाही. ठेव सुटली. बाबांनी ती त्याच दिवशी काढून घेतली आणि मंडळाने त्यांना गाऱ्हाण्याला बोलावणं बंद केलं. आता एक तरुण मुलगा फोनवर बघून वाचतो. बाबांना याचं वाईट वाटतं, मला नाही.

आईची ऑपरेशनं झाली, आधी एक गुडघा, मग दुसरा. ती व्यायामाला कंटाळायची, फिजिओथेरपी करायला येणाऱ्या मुलीला मालवणीत शिव्या द्यायची. हळूहळू कठडा सुटला.

त्यानंतर एका रविवारी थोरला पुन्हा आला. या वेळी दाढी केलेली, धुतलेला शर्ट, बटाटेवड्यांचा पुडा. तो आत आला, खुर्चीवर टेकला. आईच्या तब्येतीची चौकशी झाली, पावसाची झाली, मग तो म्हणाला की त्याचा मुलगा टेम्पो घेतोय. बँकेचं कर्ज जवळजवळ झालंय. फक्त एक जामीनदार कमी पडतोय.

मला ओरडायचं होतं आणि मला तोंड उघडता येईना. या माणसाने आम्हाला सोडवलं होतं. बाबांनी शर्टाच्या खिशाकडे हात नेला. पेन खिशातच होतं.

आई पलंगाच्या कडेला लसूण सोलत बसली होती. तिने ताटली बाजूला केली. भिंतीला हात न लावता, माझा हात न मागता ती उठली, सरळ उभी राहिली, चालत बाबांपर्यंत गेली आणि त्यांच्या खिशातलं पेन काढून घेतलं.

“तुमी सख्ख्या भावाक सय दिलास नाय,” ती थोरल्याला म्हणाली, “ता तुमी बरोबर केलास. आता आमी पण बरोबर करतो.”

थोरला तिच्या पायांकडे बघत राहिला. मग त्याने मान हलवली. आईने ओट्याशी जाऊन चहाचं आधण ठेवलं, आणि तो चहा पिऊन गेला.